आबांचे राहिलेले पदक

मंडळी, आपल्याकडे पलटणीत माणूस गेला नाही असे गाव क्वचितच सापडेल. कोणाचा आजा, कोणाचा बाप, तर कोणाचा मुलगा सैन्यात असतो. घरातल्या ट्रंकेत त्याचे कागद असतात. पण ते कागद उघडून वाचणारे किती? या पाठात अशाच एका ट्रंकेची गोष्ट आहे. गोष्टीतून काय शिकायचे, तेही पाहू.

१. ट्रंकेतले पुस्तक

सातारा जिल्ह्यातले एक गाव. तिथे एक म्हातारे जवान राहतात. सारा गाव त्यांना आबा म्हणतो. आबांचे वय अठ्ठ्याहत्तर. पाठ अजून ताठ. १९६६ साली ते भरती झाले. पंधरा वर्षे नोकरी केली. १९८१ साली पेन्शन घेऊन घरी आले.

आबांच्या घरी आजी आहे. तिने लहानपणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी गावात साक्षरता वर्ग निघाला. आजी नातीचे बोट धरून वर्गाला गेली. आधी मराठी अक्षरे शिकली. मग मराठी अंक, मग इंग्रजी अंक शिकली. एसटीची पाटी वाचू लागली. पेन्शनचे पासबुक वाचू लागली. मग काय, घरात जे छापलेले दिसेल ते आजी वाचून पाही.

दिवाळीची झाडलोट चालली होती. माळ्यावरची काळी ट्रंक खाली आली. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने आबांचा नंबर लिहिलेला. आत जुना कोट, एक कंबरपट्टा आणि कापडात गुंडाळलेले एक पुस्तक. ते आबांचे डिस्चार्ज बुक. नोकरी संपली की सैन्यातून जवानाला हे पुस्तक मिळते. नंबर, हुद्दा, घरचा पत्ता, वारसाचे नाव, नोकरी किती झाली, पदके कोणती मिळाली, असे सारे त्यात लिहिलेले असते.

आजीला इंग्रजी अक्षरे येत नव्हती. पण अंक येत होते. ती बोटाने एकेक साल वाचू लागली. सहासष्ट... अडुसष्ट... सत्तर... बाहत्तर...

आजी थांबली. पुन्हा वरून वाचले. मग तिने ओसरीवर बसलेल्या आबांना हाक मारली.

"अहो, यात एकाहत्तर साल कुठं हाय?"

"असंल तिथंच. नीट बघ."

"दोनदा बघितलं. सत्तर हाय, बाहत्तर हाय. एकाहत्तर न्हाई."

आबा काही बोलले नाहीत. पण त्यांची विडी तशीच विझून गेली.

२. एकाहत्तर साल म्हणजे काय?

१९७१ सालच्या डिसेंबर महिन्यात भारत आणि पाकिस्तान यांचे युद्ध झाले. ३ डिसेंबरला ते सुरू झाले. पश्चिमेला पंजाब, राजस्थान, काश्मीर इकडे लढाई झाली. पूर्वेला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात लढाई झाली. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे त्र्याण्णव हजार लोक कैद झाले. पूर्व पाकिस्तान जाऊन बांगलादेश हा नवा देश झाला.

या युद्धात आपल्याकडचे पुष्कळ जवान होते. पूर्वेला जमालपूरच्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. पश्चिमेलाही मराठा पलटणी लढल्या.

आबाही पूर्वेला होते. त्यांच्या सोबत नदीपलीकडच्या गावचा एक जोडीदार होता. दोघे एकाच दिवशी भरती झालेले. एकाच ताटात जेवलेले. एका रात्री तोफेचा गोळा जवळ पडला. जोडीदार जखमी झाला. आबांनी त्याला मांडीवर घेतले. आपल्या बाटलीतले पाणी पाजले. पहाटेच्या आत तो गेला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आबांना हिवताप भरला. अंग फणफणले, बोलणे बरळू लागले. त्यांना मागे दवाखान्यात नेले. शुद्धीवर आले तेव्हा युद्ध संपले होते. चार महिन्यांनी ते बरे झाले. मग त्यांची बदली दुसरीकडे झाली. नव्या रंगरुटांना कवायत शिकवायचे काम मिळाले. जुन्या पलटणीत ते परत गेलेच नाहीत.

पुढे बरोबरीच्या जवानांना युद्धाची पदके मिळाली. आबांना मिळाली नाहीत. आबांनी कधी विचारले नाही. गावात पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होते. जुने जवान छातीवर पदके लावून पुढे बसतात. आबा मागच्या ओळीत बसतात. कोणी दबक्या आवाजात म्हणे, "आबा कसले लढाईवर? ते तर तापानं दवाखान्यात होते." आबांना ते ऐकू येई. पण ऐकले नाही असे ते दाखवत.

३. पदके किती प्रकारची?

आता गोष्ट थोडी थांबवू आणि पदकांची माहिती घेऊ.

सैन्यातली पदके मुख्यतः दोन तऱ्हेची असतात.

पहिली तऱ्हा शौर्याची. कोणी मोठा पराक्रम केला तर सरकार त्याला परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र असा मान देते. हा मान निवडक माणसांना मिळतो. वरिष्ठ अधिकारी शिफारस करतात, मग सरकार ठरवते. तो मान अर्ज करून मिळत नाही.

दुसरी तऱ्हा नोकरीची आणि युद्धात हजर असल्याची. नियमात सांगितलेल्या भागात, सांगितलेल्या मुदतीत जो जवान कामावर होता, त्या प्रत्येकाला हे पदक मिळते. तो सुभेदार असो की शिपाई असो, स्वयंपाकी असो की ड्रायव्हर असो. १९७१ च्या युद्धात पूर्वेला असलेल्यांसाठी पूर्वी स्टार आहे. पश्चिमेला असलेल्यांसाठी पश्चिमी स्टार आहे. शिवाय संग्राम पदक आहे. त्याआधीच्या १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली. त्या दिवशी जे नोकरीत होते, त्यांच्यासाठीही एक पदक निघाले.

आबांचे प्रकरण दुसऱ्या तऱ्हेचे होते. त्यांनी शौर्याचे पदक मागायचे नव्हते. ते युद्धात हजर होते, एवढेच कागदावर यायला हवे होते.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हजर असल्याच्या पदकामुळे पेन्शन वाढत नाही. शौर्याच्या पदकाला भत्ता असतो, या पदकाला नसतो. या पदकाची किंमत मानाची असते, पैशाची नसते. म्हणून कोणी येऊन म्हणाला, "पाच हजार द्या, पदक मिळवून देतो, मग पेन्शन दुप्पट होईल," तर त्याला वाटेला लावा. पहिल्यांदा मिळणाऱ्या पदकाला पैसे पडत नाहीत.

४. चूक कशी होते?

नातीने डिस्चार्ज बुकातले पदकांचे पान वाचून दाखवले. तिथे तीन पदकांची नावे होती. पूर्वी स्टार नव्हता. संग्राम पदकही नव्हते.

असे का झाले असेल? पलटणीत हजारभर माणसे असतात. युद्ध संपल्यावर पलटणीचे कारकून यादी करतात. कोण हजर होता, कोणाला कोणते पदक द्यायचे, हे त्या यादीत येते. यादी वर जाते, मंजूर होते, मग जवानाच्या कागदावर नोंद होते. जो दवाखान्यात गेला, त्याचे नाव पलटणीच्या हजेरीतून उतरते. यादी करतेवेळी तो समोर नसतो. नव्या ठिकाणच्या कारकुनाला वाटते, जुन्या पलटणीने नाव घातले असेल. जुन्या पलटणीला वाटते, आता तो आपला नाही. दोघांच्या मधे माणूस राहून जातो.

आणखीही चुका होतात. नंबर लिहिताना ४६ च्या जागी ६४ पडतात. 'जाधव' नाव इंग्रजीत लिहिताना 'जादव' होते. एकाच नावाचे दोघे असले तर एकाचे पदक दुसऱ्याच्या नावावर चढते. कधी पदक टपालाने निघते, पण जवानाने गाव बदललेले असते. मग ते परत जाते.

नंबर आणि नाव बरोबर असणे फार गरजेचे. कारण पदकावर जवानाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरतात. कागद चुकला की पदकही चुकते.

५. मागायचे की दुरुस्त करून घ्यायचे?

त्या रात्री जेवणे झाल्यावर नात म्हणाली, "आबा, आपण अर्ज करू या."

आबा म्हणाले, "नको पोरी. मागून घेतलेलं पदक ते कसलं पदक? त्यापरीस मोकळी छाती बरी."

नात गप्प बसली. पण आजी बसली नाही.

"अहो, मागल्या साली तलाठ्यानं सातबाऱ्यावर तुमचं नाव चुकवलं. तवा तालुक्याला किती हेलपाटे घातले?"

"चार."

"मग तवा लाज वाटली?"

"त्यात कसली लाज? जमीन आपली हाय."

"मग एकाहत्तर साल कुणाचं हाय?"

आबा काही बोलेनात. आजी हळूच म्हणाली, "हा कागद म्हणतो, तुम्ही तिथं नव्हताच. तुम्ही नव्हता, तर तुमच्या जोडीदाराला शेवटचं पाणी कुणी पाजलं?"

आबा उठून बाहेर गेले. बराच वेळ अंगणात बसले.

सकाळी त्यांनी दाढी केली, टोपी घातली आणि नातीला हाक मारली. "सांग, काय काय कागद लागतात?"

मंडळी, आजीचे म्हणणे खरे आहे. चुकलेली नोंद दुरुस्त करून घेणे म्हणजे भीक मागणे नव्हे. सातबारा चुकला तर आपण दुरुस्त करून घेतो. मतदार यादीत नाव चुकले तर दुरुस्त करून घेतो. सैन्याचा कागदही तसाच.

६. कोणाकडे जायचे?

आबा आणि नात साताऱ्याला गेली. तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. असे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते. माजी सैनिक, त्यांच्या पत्नी आणि सैनिकांच्या विधवा यांना तिथे सल्ला मिळतो. त्याबद्दल फी पडत नाही. तिथे कल्याण संघटक असतात. ते बहुधा स्वतः माजी सैनिकच असतात.

कल्याण संघटकांनी डिस्चार्ज बुक पाहिले. ते म्हणाले, "आबा, तुमचे मूळ कागद इथं नसतात. ते तुमच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. तिथं तुमचं शीट रोल आहे. आधी त्याची नक्कल मागवा. त्यात काय लिहिलंय ते बघू, मग दुरुस्तीचा अर्ज करू."

रेकॉर्ड ऑफिस म्हणजे जवानांचे कागद सांभाळणारी कचेरी. प्रत्येक रेजिमेंटची वेगळी असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीची बेळगावला आहे. बॉम्बे इंजिनिअर ग्रुपची पुण्याजवळ खडकीला आहे. तोफखान्याची नाशिक रोडला आहे. रणगाडा दलाची अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला आहे. महार रेजिमेंटची मध्य प्रदेशात सागरला आहे. आपण कोणत्या रेजिमेंटचे, हे डिस्चार्ज बुकावर असते.

शीट रोल म्हणजे जवानाचा सातबाराच म्हणा. भरतीपासून निवृत्तीपर्यंत त्याच्या नोकरीत जे जे घडले ते त्यात लिहिलेले असते.

अर्ज करायचा तर लवकर करावा. जुने कागद कचेऱ्या कायम ठेवत नाहीत. ठरलेली वर्षे झाली की नष्ट करतात. पेन्शन असलेल्यांचे कागद जास्त वर्षे ठेवतात, पेन्शन नसलेल्यांचे कमी. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता पुरावाच नाहीसा होतो.

७. पहिला अर्ज : नक्कल मागण्याचा

२००५ साली आपल्या देशात माहितीचा अधिकार कायदा झाला. त्या कायद्याने आपण सरकारी कचेरीकडून आपल्या कागदाची नक्कल मागू शकतो. केंद्र सरकारच्या कचेरीसाठी अर्जाची फी दहा रुपये आहे. पोस्टातून पोस्टल ऑर्डर घेऊन ती अर्जाला जोडता येते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी पडत नाही, पण त्याचा पुरावा जोडावा लागतो. नकलांचे पैसे वेगळे पडतात, ते कचेरी पत्राने कळवते. संगणकावरूनही असा अर्ज करता येतो.

हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा आपल्या राज्याच्या भाषेत करता येतो. म्हणून महाराष्ट्रात तो मराठीतही चालतो. मात्र रेकॉर्ड ऑफिसातले कारकून ठिकठिकाणचे असतात. सोबत हिंदी प्रत जोडली तर काम सोपे होते.

नातीने अर्ज लिहिला. पाकिटावरचा पत्ता आजीने लिहिला. अर्ज असा होता :

प्रति,
माहिती अधिकारी, रेकॉर्ड ऑफिस

विषय : शीट रोलची नक्कल मिळण्याबाबत.

महोदय,
मी माजी सैनिक आहे. माझा नंबर ............, हुद्दा ............, नाव ............ असे आहे. मी १९६६ साली भरती झालो व १९८१ साली निवृत्त झालो.
मला पुढील कागदांच्या नकला हव्या आहेत :
१. माझे पूर्ण शीट रोल.
२. माझ्या नावे मंजूर झालेल्या पदकांची नोंद.
३. डिसेंबर १९७१ मधील माझी पलटण, ठिकाण व दवाखान्यात दाखल झाल्याची नोंद.
अर्जासोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आहे. नकलांची फी कळवल्यास भरीन.

आपला,
सही, तारीख, पूर्ण पत्ता, फोन

अर्जाची एक प्रत आबांनी घरी ठेवली. पाकीट स्पीड पोस्टाने पाठवले. त्याची पावती प्रतीला टाचून ठेवली. पावती म्हणजे अर्ज पाठवल्याचा पुरावा. ती टाकू नये.

कायद्याने तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. मिळाले नाही किंवा पटले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कचेरीच्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्यालाही दाद मिळाली नाही, तर दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाता येते.

८. कागद बोलू लागला

सव्वीस दिवसांनी टपाल आले. जाड पाकीट होते. नात वाचू लागली. आबा भिंतीला टेकून बसले होते.

पदकांच्या रकान्यात तीच तीन नावे होती. आबांनी मान खाली घातली.

पण नात पुढे वाचत राहिली. दवाखान्याच्या पानावर एक ओळ होती. डिसेंबर १९७१ ची तारीख होती. हिवतापामुळे फील्ड अॅम्ब्युलन्समध्ये दाखल, असे लिहिले होते. फील्ड अॅम्ब्युलन्स म्हणजे लढाईच्या मागोमाग जाणारा सैन्याचा दवाखाना. पुढे पलटणीचेही नाव होते.

नातीने विचारले, "आबा, हा दवाखाना कुठं होता?"

"आघाडीच्या मागंच. तोफांचा आवाज यायचा तिथं."

"मग आबा, तुम्ही तिथं असल्याशिवाय त्या दवाखान्यात कसे जाल?"

आबांनी मान वर केली.

मंडळी, पाहा कशी गंमत आहे. ज्या दवाखान्यामुळे आबांचे नाव यादीतून राहिले, त्याच दवाखान्याची नोंद त्यांचा पुरावा झाली. गावात लोक ज्यावरून कुजबुजत, तोच ताप आता आबांच्या बाजूने साक्ष देत होता. म्हणून कागद अर्धा वाचून खाली ठेवू नये. शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

९. दुसरा अर्ज : दुरुस्तीचा

आता दुसरा अर्ज करायचा होता. इथे एक भेद समजून घ्या. तीन माणसांची तीन कारणे असतात आणि अर्जही तीन तऱ्हेचे होतात.

१. कागदावर पदकाची नोंद आहे, पण पदक हाती आले नाही. अशा वेळी फक्त पदक पाठवण्याची विनंती करायची.

२. कागदावर नोंदच नाही. अशा वेळी आधी नोंद दुरुस्त करून घ्यायची, मग पदक मागायचे. आबांचे असेच होते.

३. पदक मिळाले होते, पण हरवले किंवा चोरीला गेले. अशा वेळी दुसरे पदक मागण्याचा वेगळा अर्ज असतो. पदक कसे गेले ते सांगावे लागते. दुसऱ्या पदकाला पैसे पडू शकतात.

आबांचा दुसरा अर्ज असा झाला :

विषय : १९७१ च्या युद्धातील नोकरीची नोंद दुरुस्त करून पदके मिळण्याबाबत.

महोदय,
डिसेंबर १९७१ मध्ये मी पूर्व आघाडीवर माझ्या पलटणीसोबत कामावर होतो. तेथून मला हिवतापामुळे फील्ड अॅम्ब्युलन्समध्ये नेले. ही नोंद माझ्या शीट रोलमध्ये आहे. त्या पानाची नक्कल सोबत जोडली आहे.
दवाखान्यातून मी जुन्या पलटणीत परत गेलो नाही. त्यामुळे पदकांच्या यादीत माझे नाव राहिले असावे. तरी माझी नोंद तपासून दुरुस्त करावी, आणि नियमाने मिळणारी पूर्वी स्टार व संग्राम पदक ही पदके द्यावीत.

सोबत : शीट रोलच्या पानाची नक्कल, डिस्चार्ज बुकची नक्कल, माजी सैनिक ओळखपत्राची नक्कल.

पाहा, अर्ज किती छोटा आहे. त्यात रडगाणे नाही, कोणावर राग नाही. मी कोण, काय झाले, पुरावा कोणता, आणि मला काय हवे, एवढेच आहे. अर्ज असाच असावा. मूळ कागद कधी पाठवू नये. नक्कल पाठवावी, मूळ घरी ठेवावे.

अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला. मग वाट पाहणे आले. एक महिना गेला, दोन गेले. तिसऱ्या महिन्यात पत्र आले : 'जुनी पलटण व यादी यांच्याशी ताडून पाहत आहोत.' आबांनी आठवणीचे एक पत्र पाठवले. पत्रात पहिल्या पत्राचा क्रमांक आणि तारीख घातली. क्रमांक घातला की कारकुनाला जुना कागद सापडतो. नाहीतर नवे पत्र नव्या फाइलीत जाते आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

काहींचे काम इथेही अडते. कचेरीने नकार दिला तर नकार लेखी मागावा. कारण काय ते वाचावे. सैनिकांच्या तक्रारींसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण झाले आहे. त्याचे एक पीठ मुंबईला आहे. पण तिथे जाण्याआधी जाणत्याचा सल्ला घ्यावा. बहुतेक कामे कागद नीट जोडल्याने होतात.

१०. आबा पुढच्या ओळीत

आठव्या महिन्यात लांबट पाकीट आले. आबांनी ते आजीच्या हातात दिले. "तूच फोड. एकाहत्तर साल तूच शोधलंस."

पत्र हिंदीत होते. हिंदीची अक्षरे मराठीसारखीच. आजी बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली. नोंद दुरुस्त केली आहे, असे पत्र सांगत होते. दोन्ही पदके मंजूर आहेत. पदके तयार झाल्यावर पाठवली जातील.

पदके अजून यायची होती. पदकाला वेळ लागतो. पण आबा म्हणाले, "आता नाही आलं तरी चालंल. कागद खरा झाला."

दुसऱ्या दिवशी आबा आणि आजी नदीपलीकडच्या गावी गेली. जोडीदाराची बायको आता थकली आहे. आबा तिला वहिनी म्हणतात. दर दिवाळीला तिच्या घरी जातात. आबांनी पत्र तिच्यापुढे ठेवले.

तिने पत्राला हात लावला. मग विचारले, "भावजी, यांचं पदक कुठं असंल हो? मला तार आली, पेन्शन आली. पदक काय आलं न्हाई."

आबा तिच्याकडे पाहतच राहिले. चोपन्न वर्षांत हे विचारायचे त्यांच्या मनात आले नव्हते. स्वतःचे पदक मागायची त्यांना लाज वाटत होती. त्या लाजेपायी जोडीदाराचेही राहून गेले होते.

जवान हयात नसला, तर त्याच्या पत्नीला किंवा वारसाला त्याच्या पदकासाठी अर्ज करता येतो. सोबत वारस असल्याचा पुरावा जोडावा लागतो. पेन्शनचा कागद त्याला उपयोगी पडतो.

आजीने पिशवीतून वही काढली. चष्मा लावला.

"वहिनी, भावजींचा नंबर सांगा. हळूहळू सांगा. अजून माझा हात सावकाश चालतो."

वहिनींनी नंबर सांगितला. तो त्यांना तोंडपाठ होता. आजीने एकेक अंक मोठा आणि स्वच्छ लिहिला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला, ४६ च्या जागी ६४ पडू नयेत म्हणून. मग नव्या ओळीवर तिने लिहिले : 'प्रति, माहिती अधिकारी.'

शब्दांचे अर्थ

डिस्चार्ज बुक : नोकरी संपल्यावर जवानाला मिळणारे पुस्तक.
शीट रोल : जवानाच्या साऱ्या नोकरीची नोंद असलेला कागद.
रेकॉर्ड ऑफिस : जवानांचे कागद सांभाळणारी सैन्याची कचेरी.
नक्कल : मूळ कागदाची प्रत.
मंजूर : मान्य केलेले.
अपील : एका अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही म्हणून वरच्या अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज.
वारस : माणसाच्या मागे ज्याचा हक्क लागतो तो.

प्रश्न

१. आजीला डिस्चार्ज बुकात काय सापडले नाही?
२. आबांचे नाव पदकांच्या यादीतून कसे राहिले असावे?
३. शौर्याचे पदक आणि युद्धात हजर असल्याचे पदक यांत फरक कोणता?
४. 'सातबारा' आणि 'शीट रोल' यांत सारखे काय आहे?
५. कोणत्या कागदाने आबांचे काम झाले?
६. अर्जासोबत मूळ कागद का पाठवू नये?
७. आबा आधी अर्ज करायला तयार नव्हते. तुम्हाला त्यांचे म्हणणे पटते का? वर्गात बोला.

करून पाहा

१. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी माजी सैनिक असेल, तर त्यांचे डिस्चार्ज बुक त्यांच्यासोबत बसून वाचा. नाव, नंबर, जन्मतारीख, पत्नीचे नाव आणि पदके बरोबर आहेत का ते तपासा.
२. पाठातला पहिला अर्ज वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून काढा. मोकळ्या जागा भरा.
३. एका पाकिटावर तुमच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता लिहा. पिनकोड घालायला विसरू नका.